शशिकलाताईंचा पंधरावा प्रश्न

अहवालात 'एम्पॉवरमेंट' हा शब्द आला की शशिकलाताई वाघमारे त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने दोनच शब्द लिहीत: कुठे दिसलं? तो शब्द त्यांच्या स्वतःच्या मसुद्यातला असला तरी. मग त्या त्याच पानावर थांबून राहत. दिसलेलं काही आठवलं तर ते लिहायचं, नाही आठवलं तर वाक्य खोडायचं. लंडनच्या पिनर उपनगरातल्या घरी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर अशा खोडलेल्या पानांचा गठ्ठा असे. त्यांचे यजमान, निवृत्त भूलतज्ज्ञ डॉक्टर वाघमारे, त्या पानांच्या कोऱ्या बाजूवर सुडोकू आखून सोडवत.

माझा त्यांच्याशी संबंध कामापुरता होता. मी अनेक वर्षं वृत्तपत्रात मजकूर कापण्याचं काम केलं. ताईंचे इंग्रजी अहवाल लांबत, म्हणून त्या मला हाउन्सलोहून बोलावून घेत. त्या मला नावाने हाक मारत नसत. "काय पत्रकार, आज किती कापणार?" असं दारातच विचारत.

अडीच वर्षांच्या असताना त्यांना पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, उजव्या हातात कोपराची कुबडी. उभं राहताना गुडघ्याजवळची कडी बसल्याचा खट् असा आवाज येई. तो आवाज आला की डॉक्टर सुडोकूतून मान वर न करता म्हणत, "निघाली एक्सप्रेस." नोकरी त्यांनी इथल्या सरकारी रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून केली. आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा अंघोळ, स्वयंपाक, शर्टाची बटणं जमवून देणं हे ते काम. निवृत्तीनंतर त्या अपंगांच्या हक्कांसाठी चालणाऱ्या प्रकल्पांचं मूल्यमापन करू लागल्या. पैसे देणारी संस्था लंडनमध्ये, प्रकल्प आफ्रिकेतल्या एखाद्या जिल्ह्यात. जे करू म्हणून सांगितलं ते झालं का, हे तिथे जाऊन पाहायचं आणि लिहायचं.

'दिव्यांग' हा शब्द त्यांना चालत नसे. भारतातून आलेल्या एका पाहुण्याने तो फार आदराने वापरला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, दिव्य काही नाही. पाय बारीक आहे."

त्यांच्या मुलाखती घेण्याच्या पद्धतीबद्दल मी त्यांच्या दुभाष्यांकडून ऐकलं आहे, आणि त्यांनी स्वतःही करून दाखवलं आहे. अपंग बाईला प्रश्न विचारला की उत्तर बहुधा सासू देते, नाहीतर भाऊ. हे आफ्रिकेतल्या मालावीतही होतं आणि इथे मिडलसेक्समध्येही. मूल्यमापन करणारे अशा नातेवाइकाला नम्रपणे बाहेर जायला सांगतात, तो जात नाही. ताई सासूकडे वळून विचारत, "तुमच्या गुडघ्यांना काय झालंय? मघापासून बघतेय, धरून उठताय." सासू खुलून सांगू लागे. मग ताई तिला आपल्या सहकाऱ्याकडे पाठवत: "याला सगळं सांगा, हा लिहून घेईल." सहकाऱ्याने पुढची वीस मिनिटं गुडघ्यांची हकीकत लिहायची. ती ताई मागाहून खरोखर वाचत आणि सासूला दोन व्यायाम शिकवून निघत.

आणि शेंगा. गावात उतरल्यावर त्या आधी भुईमुगाच्या शेंगा विकत घेत आणि चटईवर मधोमध ओतत. सगळ्यांनी सोलायच्या. "हात रिकामा असला की माणूस मुलाखत देतो," त्या म्हणत. "हात कामात असला की बोलतो."

काम हा त्यांचा विषयच होता. त्याचा उगम त्यांनी एकदाच सांगितला, तोही कांदा चिरता चिरता.

ती गोष्ट स्लाऊमधली. एप्रिलमधल्या जयंतीचा कार्यक्रम, भाड्याचा हॉल, तीनशे माणसांचं जेवण. ताई जयंती करणाऱ्या मंडळाच्या जुन्या सभासद. दारात एका तरुण कार्यकर्त्याने "जयभीम ताई, तुमच्यासाठी स्पेशल सीट ठेवलीय" म्हणून त्यांना पहिल्या रांगेत नेलं. खुर्चीवर 'रिझर्व्ह्ड' असा कागद चिकटवलेला. ताई बसल्या. दहा मिनिटांनी खट् आवाज झाला आणि त्या हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात दिसल्या.

"ताई, तुम्ही कशाला? बसा ना तुम्ही," चार-पाच बायका एकदम म्हणाल्या.

"किती वर्षं बसू? कांदे कुठायत?"

"अहो, होईल आमचं. तुम्हाला कशाला त्रास?"

"लहानपणापासून ऐकतेय हे. गावाकडे लग्नात सगळ्या पोरींना कामं असायची. पाणी दे, पत्रावळ्या उचल, अक्षता वाट. मला काय? 'शशे, तू बस गं, तुला नको.' मायाच होती ती, मी नाही म्हणत नाही. पण घरातल्या माणसाला काम सांगतात. खुर्ची पाहुण्याला देतात. कांदे द्या."

कांदे मिळाले. दोन किलो झाल्यावर एका बाईने त्यांना मोठ्याने सुनावलं, "ताई, बारीक चिरा हो, कोशिंबिरीचा आहे, भजीचा नाही!" ताईंच्या मते मंडळातलं त्यांचं सभासदत्व त्या दिवशी सुरू झालं.

इतकं सगळं पाठ असलेली ही बाई मालावीत नेमकी तिथेच चुकली. हे त्या स्वतःहून सांगत.

मालावीच्या दक्षिण भागातल्या एका जिल्ह्यात अपंग स्त्रियांचा गट उभा राहिला होता. प्रकल्प लंडनच्या एका छोट्या संस्थेचा. तीन वर्षं पूर्ण होत आली होती आणि पुढच्या टप्प्याचा निर्णय विश्वस्तांच्या सभेत व्हायचा होता. दोन पर्याय होते. एक, पुढचं काम राजधानीतल्या मोठ्या, अनुभवी संस्थेकडे सोपवायचं. तिथले अधिकारी सगळे धडधाकट. दुसरा, गटाच्या बायकांनीच ते चालवायचं. गटाची अध्यक्ष एस्नाथ, वय चाळिशीच्या आसपास, दोन्ही पायांनी अधू, हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवरून सगळा जिल्हा हिंडणारी. तिला दुसरा पर्याय हवा होता. निर्णय ताईंच्या अहवालावर अवलंबून होता, आणि हे एस्नाथला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

संस्थेने चौदा प्रश्नांची प्रश्नावली दिली होती. त्यातला एक प्रश्न: गावातल्या कार्यक्रमांना तुम्ही हजर असता का? सगळ्यांचं उत्तर हो.

चौथ्या दिवशी गावात मयत झालं आणि मुलाखती रद्द झाल्या. लंडनहून सोबत आलेली कार्यक्रम व्यवस्थापक हेलन वैतागली, एक दिवस वाया गेला म्हणून. ताई म्हणाल्या, "वाया कसा? आपण जाऊ." त्या भागात मयताला जाणं ही माणूस असण्याची पहिली अट आहे. पुरुष खड्डा खणतात. बायका दोन-दोन दिवस मक्याचं पीठ कांडतात, पाणी आणतात, शेकडो माणसांसाठी मक्याचा घट्ट सांजा आणि भाजी रांधतात. जो दुसऱ्याच्या मयताला गेला नाही त्याच्या मयताला कोणी येत नाही.

ताईंना तिथे खुर्ची मिळाली. शेजारी सावलीत, सगळ्यांच्या पुढे, गटाच्या बायका बसलेल्या: एस्नाथ, आंधळी मर्सी, आणखी दोघी. लोक येताना त्यांना वाकून नमस्कार करत होते. तीन वर्षांपूर्वी यांना घराबाहेर काढत नसत. ताईंनी वहीत नोंद केली: मानाची जागा, सर्वांसमोर. पुढे बरोबरची खूण.

एस्नाथने वहीत डोकावून पाहिलं. तिचं इंग्रजी चांगलं होतं.

"ही खूण कशाची?"

"तुम्हाला पुढे बसवलं, त्याची."

"तुम्हालाही बसवलंय," एस्नाथ म्हणाली. "तुम्ही या गावच्या आहात?"

घराच्या मागे बायका कांडत होत्या, भांडत होत्या, एकमेकींवर ओरडत होत्या. त्या आवाजात गटातली एकही बाई नव्हती.

"तुमच्या प्रकल्पाच्या आधी आम्ही घरात बसून होतो," एस्नाथ म्हणाली. "आता बाहेर बसतो. खुर्ची चांगली आहे."

पिनरला हे सांगताना ताई टेबलावर बोट आपटत. "मी, पत्रकार! स्लाऊला आरडाओरडा करणारी मी! दुसऱ्याची खुर्ची दिसली आणि बरोबरची खूण केली. तीस वर्षं लोकांना बटणं लावायला शिकवलं ना मी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्नावलीत पंधरावा प्रश्न घातला: गावातल्या शेवटच्या मयताच्या घरी तुम्हाला कोणतं काम मिळालं? ज्यांना आधी विचारून झालं होतं त्यांच्याकडे त्या परत गेल्या. बहुतेकींचं उत्तर एकच होतं. बसायचं.

हेलनशी वाद तिथल्या अतिथिगृहातच सुरू झाला आणि लंडनला परतल्यावर माझ्यासमोर पुढे चालला. हेलन वाईट बाई नव्हती. तिचा मुद्दा सरळ होता. हा प्रश्न मंजूर प्रश्नावलीत नाही. प्रकल्पाने मयतातल्या कामाचं वचन दिलं नव्हतं. आणि हे उत्तर छापलं तर विश्वस्त म्हणतील की तीन वर्षांत समावेश झालाच नाही, मग याच बायकांच्या हाती पुढचं काम कशाला द्यायचं? "शशी, या प्रश्नाने तू त्यांनाच बुडवशील," ती म्हणाली.

तिचा मुद्दा मला पटण्यासारखा वाटला आणि मी तसं म्हटलं. पंधरावा प्रश्न परिशिष्टात टाकावा, असं सुचवलं.

"परिशिष्ट म्हणजे पहिल्या रांगेतली खुर्ची," ताई म्हणाल्या. "मान आहे, काम नाही."

पण निर्णय त्यांनी एकटीने घेतला नाही. ज्यांच्याबद्दल अहवाल, त्यांना तो आधी वाचून दाखवायचा, हा त्यांचा नियम होता. व्हिडिओ कॉल लागला. तिकडे शाळेच्या खोलीत गट जमलेला, इकडे टेबलावर लॅपटॉप, मागे डॉक्टर. ताईंनी मसुदा वाचला, एस्नाथने वाक्यावाक्याला चिचेवा भाषेत सांगितला. शेवटी खोलीत बराच कलकलाट झाला. मर्सी सर्वांत जास्त चिडली होती.

"मर्सी म्हणते, हे वाचून लंडन आम्हाला काढून टाकेल," एस्नाथने सांगितलं.

"शक्य आहे," ताई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तर प्रश्न काढते. खोटं लिहिणार नाही, पण हे एक सोडून देता येईल."

पुन्हा कलकलाट. मग एस्नाथ कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली.

"काढू नका. पण तुमचं एक वाक्य चुकलंय. 'त्यांना काम दिलं जात नाही.' आम्ही मागितलंय कधी? खुर्ची मिळाली म्हणून आम्ही पण खूश होतो. लंडनची सभा कधी आहे?"

"सहा आठवड्यांनी."

"मग तोवर थांबा."

कॉल संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "म्हणजे आता सहा आठवड्यांत तिकडे कोणीतरी मरायला पाहिजे."

"गप्प बसा हो," ताई म्हणाल्या, पण त्यांनाही तीच काळजी होती. कोणाच्या मरणाची वाट पाहणं त्यांना सहन होईना. त्या आठवड्यांत त्यांनी अहवालाला हात लावला नाही. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्या लोणच्याबद्दल बोलल्या.

एस्नाथने वाट पाहिली नाही. गावात मयताच्या स्वयंपाकाची सूत्रं ज्या तीन वयस्क बायकांच्या हाती असत, त्यांच्या दारी ती आपली सायकल घेऊन गेली आणि काम मागितलं. पहिली म्हणाली, तुला कशाला त्रास. दुसरी तेच म्हणाली. तिसरी म्हातारी व्यवहारी होती. तिने तीनचाकीच्या मागच्या फळीकडे पाहिलं आणि विचारलं, "यावर पाण्याचे डबे किती बसतील?"

चार बसले. डोक्यावर एक जातो.

सभेच्या नऊ दिवस आधी पलीकडच्या वस्तीतले एक वृद्ध गृहस्थ वारले. त्या दोन दिवसांत एस्नाथच्या सायकलीने इतकं पाणी ओढलं की दुसऱ्या दिवशी चुलींवरच्या बायका तिच्यासाठी भांडू लागल्या: आधी आमच्याकडे, त्यांच्याकडे मागाहून. मर्सीला कांडायला उभं केलं. दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ मारायचं असतं. आवाजावरच ताल धरायचा, त्याला डोळे लागत नाहीत. मग कोणीतरी तिला भाजीच्या हंड्याजवळ ढवळायला बसवलं.

शनिवारी सकाळी मी पिनरला पोचलो तेव्हा ताईंच्या हातात फोन होता. एस्नाथचा आवाजी निरोप आला होता. भांडी, धुराने येणाऱ्या खोकल्यांचे आवाज, आणि त्यावर एका बाईचा तारस्वर. कोणीतरी कोणालातरी झापत होतं. शेवटी एस्नाथने इंग्रजीत खुलासा केला होता: मर्सीने भाजीत मीठ जास्त टाकलं, त्यावरून म्हातारी तिला सगळ्यांसमोर बोलतेय.

ताईंनी तो निरोप तीनदा लावला. "ऐका, ऐका, काय ओरडतेय बघा!" त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. "डॉक्टर, शिव्या खाल्ल्या हो पोरीने!"

"अभिनंदन," डॉक्टर म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

त्या दिवशी आम्ही अहवाल पुरा केला. पंधरावा प्रश्न पहिल्या पानावर आला, आधीची उत्तरं जशीच्या तशी, आणि खाली नवी नोंद. ताईंनी लिहिलेलं वाक्य असं होतं: 'गटाच्या एका सदस्याला भाजीत मीठ जास्त टाकल्याबद्दल जाहीरपणे रागावण्यात आलं.' मी पेन्सिल उचलली.

"याला हात लावायचा नाही," ताई म्हणाल्या.

मी कापण्यासाठी उचलली नव्हती. स्वल्पविराम घालायचा होता. तो घातला.

विश्वस्तांची सभा मध्य लंडनमधल्या एका चर्चच्या वरच्या मजल्यावर झाली. लिफ्ट बंद होती. त्याबद्दल तीन माणसांनी ताईंची माफी मागितली. त्या चाळीस पायऱ्या चढल्या आणि वर जाऊन म्हणाल्या, "हे पण अहवालात घालू का?" सभेत मी मागे बसलो होतो. एका विश्वस्ताने विचारलं ते अपेक्षित होतं: गावाने स्वीकारलं नसेल तर प्रकल्प अयशस्वी नाही का? ताई म्हणाल्या की या प्रश्नाचं उत्तर त्यांनी द्यायचं नाही, आणि व्हिडिओ कॉलवर गट दिसत होता त्या पडद्याकडे बोट केलं.

एस्नाथ तीन मिनिटं बोलली. माझ्या टिपणातली तिची वाक्यं अशी आहेत: "तुमच्या पैशाने आम्ही घरातून पहिल्या रांगेत आलो. त्यासाठी आभार. पहिल्या रांगेतून चुलीपर्यंत आम्ही स्वतः गेलो, सहा आठवड्यांत. आता तुम्ही ठरवा, पुढचा रस्ता कोणाला जास्त माहीत आहे."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विश्वस्तांच्या सभेत वाजवत नाहीत. हेलनने हात वर करून सांगितलं की तिने हा प्रश्न काढायचा आग्रह धरला होता आणि ती चुकली होती. मतदान झालं. काम गटाकडे गेलं. विरोधात एकही हात नव्हता. पडद्यावर आधी काही कळलं नाही, मग आवाज एक क्षण उशिरा पोचला आणि त्या शाळेच्या खोलीत जो गिल्ला झाला त्याने लॅपटॉपचा स्पीकर फाटला. ताई उभ्या राहिल्या, कडी खट् झाली, आणि त्या दोन्ही हात वर करून पडद्याला ओरडून म्हणाल्या, "शाब्बास गं!" मराठीत. तिकडे ते बरोबर कळलं.

पुढच्या टप्प्याचं मधलं मूल्यमापन आलं तेव्हा मूल्यमापक निवडण्याचा अधिकारही गटाकडे होता. जाहिरात निघाली. ताईंनी अर्ज केला. ओळख दाखवायची नाही, म्हणून एस्नाथला आधी फोनसुद्धा केला नाही. मुलाखतीच्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून, टेबल रिकामं करून त्या लॅपटॉपसमोर बसल्या. डॉक्टरांना वरच्या खोलीत पाठवलं. पडद्यावर पाच बायका. पाऊण तास प्रश्न झाले. एस्नाथ एकदाही हसली नाही.

दहा दिवसांनी मला त्यांचा फोन आला. "पत्रकार, ये. काहीतरी वाचायचंय."

ते नकाराचं पत्र होतं. लंडनच्या संस्था पाठवतात त्याच नमुन्याचं, नीट शब्दांत: आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभारी आहोत, अर्जांचा दर्जा अत्यंत उच्च होता, या वेळी आपली निवड करू शकत नाही. काम त्याच जिल्ह्यातल्या एका कर्णबधिर तरुणीला मिळालं होतं. खाली अभिप्राय: 'उमेदवाराचा अनुभव मोठा आहे. परंतु उत्तर पूर्ण होण्याआधी त्या पुढचा प्रश्न विचारतात. शिवाय आमचं काम पाहिलं की त्या भावुक होतात.'

ताईंनी ते मोठ्याने वाचलं. मध्येच थांबून 'परंतु' पुन्हा वाचला.

"खरंय हो," डॉक्टर म्हणाले. "उत्तर पूर्ण होऊ देत नाही ही. चाळीस वर्षं झाली."

"तुम्हाला कोणी पॅनेलवर घेतलंय?" ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा होता. "नापास केलं रे मला. माझ्याच बायकांनी. अभिप्रायासकट!"

त्यांनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. मला स्टेशनपर्यंत सोडायला त्या निघाल्या. वाटेत ओळखीची तीन माणसं भेटली: फार्मसीतली गुजराती बाई, एक निवृत्त पोस्टमन, ग्रंथालयातली मुलगी. तिघांनाही त्यांनी थांबवलं, पर्स उघडली, पत्र काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. माझी गाडी आली तेव्हा त्या स्टेशनच्या दारात चौथ्या माणसासमोर उभ्या होत्या, कुबडी भिंतीला टेकवून, दोन्ही हातांनी कागद उलगडत.